जगाच्या अंताच्या चुकलेल्या तारखा : इतिहास आणि ख्रिस्तसभेची शिकवण

नाशिकच्या द्वारका परिसरात राहणाऱ्या एका भगिनीने 2025 च्या सप्टेंबर महिन्यात, रविवारच्या पवित्र मिस्सानंतर, आम्हाला बाजूला घेऊन एक प्रश्न विचारला. तिच्या मोबाईलवर एक चित्रफीत आली होती. दक्षिण आफ्रिकेतील एक उपदेशक तीत सांगत होता की, 23 व 24 सप्टेंबर या दोन दिवसांत प्रभू येशू येणार आणि आपल्या विश्वासू लोकांना उचलून नेणार. ही चित्रफीत त्या दिवसांत जगभर फिरत होती. भगिनी म्हणाली, "फादर, मुलीच्या कॉलेजच्या फीचा दुसरा हप्ता महिनाअखेरीस भरायचा आहे. भरू की थांबू?" विचारताना ती हसत होती, पण तिच्या डोळ्यांत हसू नव्हते.

दोन्ही दिवस आले आणि गेले. फी भरली गेली. तरीही त्या प्रश्नाचे उत्तर "भरा" या एका शब्दात संपत नाही, असे आम्हाला वाटले. अशी तारीख ऐकून घाबरणारी ती काही पहिलीच स्त्री नव्हे. ख्रिस्ती इतिहासात जवळजवळ प्रत्येक शतकात कोणी ना कोणी जगाच्या अंताची तारीख सांगितली आहे, आणि आजवर त्यांतील एकही खरी ठरलेली नाही. या तारखांचा वृत्तांत आणि त्याविषयी ख्रिस्तसभेची भूमिका आमच्या वाचकांना एकत्र मिळावी, म्हणून हा लेख.

पवित्र शास्त्राची साक्ष

प्रभू येशू पुन्हा येणार आहे, हे आपण प्रत्येक रविवारी विश्वासांगीकारात म्हणतो. जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करण्यास तो येणार, ही आपल्या श्रद्धेची शिकवण आहे; ती कोणा एका पंथाची मक्तेदारी नाही. प्रश्न पुनरागमनाचा नसून त्याच्या तारखेचा आहे.

या बाबतीत शुभवर्तमानाची भाषा निःसंदिग्ध आहे. तो दिवस व ती घटका पित्यावाचून कोणालाही, स्वर्गातील दूतांनाही ठाऊक नाही, असे प्रभू मार्क 13:32 मध्ये सांगतो. पुनरुत्थानानंतर प्रेषितांनी त्याला काळाविषयी विचारले, तेव्हा काळ व समय जाणणे हे तुमचे काम नाही, असे उत्तर त्यांना मिळाले (प्रेषितांची कृत्ये 1:7). लूक 21:8 मध्ये तर "काळ जवळ आला आहे" असे सांगत येणाऱ्यांच्या मागे न जाण्याची ताकीदच आहे.

ही ताकीद किती लवकर आवश्यक ठरली, हे थेस्सलनीका येथील मंडळीवरून दिसते. प्रभूचा दिवस आलाच आहे, अशी अफवा तेथे पसरली होती. संत पौलाच्या नावाने तशी पत्रे फिरत असल्याची शंकाही दुसऱ्या पत्रात व्यक्त झाली आहे (2:2). त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात काही जण कामधंदा सोडून रिकामे फिरू लागल्याचा उल्लेख येतो, आणि संत पौल त्यांना शांतपणे काम करून स्वतःची भाकरी मिळवण्यास सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा प्रसंग आणि कॉलेजच्या फीचा प्रश्न यांत फारसे अंतर नाही.

पहिली पाच शतके

तिसऱ्या शतकाच्या आरंभी संत हिप्पोलितस याने दानिएलच्या ग्रंथावर भाष्य लिहिले. त्यात त्याने आपल्या काळातील दोन घटना नोंदवल्या आहेत. सिरिया प्रांतातील एका धर्माधिकाऱ्याने ख्रिस्ताला सामोरे जाण्यासाठी आपल्या लोकांना बायकामुलांसह रानात नेले. हे लोक रानोमाळ भटकू लागले आणि दरोडेखोर समजून मारले जाण्याची वेळ त्यांच्यावर आली. पोंतस प्रांतातील दुसऱ्या एका धर्माधिकाऱ्याने आपल्या स्वप्नांवर विसंबून वर्षाच्या आत न्यायाचा दिवस येईल, असे जाहीर केले. लोकांनी शेती सोडली, मालमत्ता विकली. वर्ष सरले, आणि ज्यांनी सर्व विकले होते ते भीक मागताना आढळले.

विशेष म्हणजे हा इशारा देणारा हिप्पोलितस स्वतःही गणिताच्या मोहातून सुटला नाही. देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली. देवाचा एक दिवस हजार वर्षांसारखा. म्हणून जगाचे आयुष्य सहा हजार वर्षे, असा तर्क तेव्हा रूढ होता. ख्रिस्ताचा जन्म सृष्टीच्या 5500 व्या वर्षी झाला, असे धरून हिप्पोलितसने आणि त्याचा समकालीन इतिहासकार सेक्स्तुस युलिउस आफ्रिकानुस याने इसवी सन 500 च्या सुमाराची सीमा काढली. तेही वर्ष इतर वर्षांसारखेच गेले.

इसवी सन 410 मध्ये रोम शहर लुटले गेले, तेव्हा जग बुडाले असे अनेकांना वाटले. त्यानंतर संत अगस्तिनने "देवाचे नगर" हा आपला महाग्रंथ लिहिला. ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापासून चारशे, पाचशे किंवा हजार वर्षे मोजत बसणाऱ्यांचा समाचार त्याने या ग्रंथाच्या अठराव्या खंडात घेतला आहे. प्रेषितांना मिळालेल्या उत्तराची आठवण देऊन, या मोजणाऱ्यांनी आता आपल्या बोटांना विश्रांती द्यावी, अशा आशयाचा सल्ला त्याने दिला. ख्रिस्तसभेची पुढील सर्व भूमिका या सल्ल्यावर उभी आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

संतही घाईत होते

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. अंत जवळ आहे, असे वाटणाऱ्यांत आपले थोर संतही होते. पोप थोरला संत ग्रेगरी 590 मध्ये पदावर आला तो प्लेगच्या साथीत. त्याच्या आधीचा पोप त्याच साथीत मरण पावला होता. भोवतालचा विनाश पाहून जगाचा शेवट जवळ आल्याचे ग्रेगरीने वारंवार लिहिले. पंधराव्या शतकाच्या आरंभी स्पेनचा संत व्हिन्सेंट फेरर युरोपभर न्यायाच्या दिवसाविषयी उपदेश करत फिरला आणि तो दिवस अगदी नजीक असल्याची त्याची खात्री होती.

दोघांचीही अपेक्षा काळाने खरी ठरवली नाही. पण ग्रेगरीने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. त्याने रोमच्या भुकेल्यांना धान्य वाटण्याची व्यवस्था लावली, आणि 596 मध्ये अगस्तिन नावाच्या मठवासीयाला सोबत्यांसह इंग्लंडला सुवार्तेसाठी पाठवले. ज्याला अंत जवळ वाटतो तो माणूस फळ यायला शेकडो वर्षे लागणारे झाड लावतो, हे दृश्य आम्हाला फार बोलके वाटते.

सन 1000 आणि मध्ययुग

सन 1000 च्या आदल्या रात्री सारा युरोप भयाने थरथरत चर्चमध्ये जमला होता, असे वर्णन अनेक पुस्तकांत आढळते. हे चित्र मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील लेखकांनी रंगवलेले आहे, असे आजचे बहुतेक इतिहासकार मानतात. तुरळक उदाहरणे मात्र खरी आहेत. फ्लरी येथील मठाधिपती संत आब्बो याने लिहून ठेवले आहे की, हजार वर्षे पूर्ण होताच ख्रिस्तविरोधक येईल, असा उपदेश त्याने तरुणपणी पॅरिसमध्ये ऐकला होता, आणि पवित्र शास्त्राच्या आधारे त्याने त्याला विरोधही केला होता.

पुढे इटलीतील कालाब्रिया येथील मठाधिपती योआकिम (मृत्यू 1202) याने जगाचा इतिहास पित्याचे, पुत्राचे आणि पवित्र आत्म्याचे युग अशा तीन भागांत मांडला. त्याच्या मागे आलेल्या अनुयायांनी तिसऱ्या युगाचा आरंभ 1260 मध्ये होणार, असे ठरवून टाकले. त्या वर्षी इटलीत स्वतःला चाबकाने फटकारत प्रायश्चित्त करणाऱ्यांच्या मिरवणुका निघाल्या. नवे युग काही उगवले नाही.

1516 चा निर्णय

पंधराव्या शतकाच्या अखेरीस इटलीच्या शहरांत भविष्य सांगणाऱ्या उपदेशकांचे पीक आले होते. अशा वेळी पाचव्या लॅटरन विश्वपरिषदेने 19 डिसेंबर 1516 रोजी, पोप दहावा लिओ यांच्या फर्मानाद्वारे, व्यासपीठावरून होणाऱ्या उपदेशाला शिस्त लावली. येणाऱ्या संकटांचा, ख्रिस्तविरोधकाच्या आगमनाचा अथवा न्यायाच्या दिवसाचा ठरावीक काळ उपदेशकाने सांगू नये, अशी स्पष्ट मनाई त्यात आहे. कॅथलिक धर्मगुरू तारखा का सांगत नाहीत, असे कोणी विचारल्यास हा निर्णय सांगावा. यामागे अज्ञान किंवा उदासीनता नाही. पाचशे वर्षांहून जुनी आज्ञा आहे.

तिची गरज लवकरच सिद्ध झाली. मिखाएल श्टीफेल हा पूर्वाश्रमीचा अगस्तिनी मठवासी मार्टिन ल्यूथर यांच्या पक्षाला मिळाला होता. पवित्र शास्त्रातील अक्षरांना अंकांचे मोल देऊन त्याने 19 ऑक्टोबर 1533, सकाळी आठ वाजता, असा अंताचा मुहूर्त काढला. आठ वाजून गेले. श्टीफेलला अटक झाली आणि त्याची नेमणूक गेली. पुढे याच माणसाने आपली आकडेमोड योग्य कामाला लावली. 1544 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अंकगणिताच्या ग्रंथाला गणिताच्या इतिहासात मानाचे स्थान आहे.

आपल्या भूमीपर्यंत आलेल्या तारखा

एकोणिसाव्या शतकात हे वारे समुद्र ओलांडून आपल्याकडे आले. योसेफ वोल्फ (1795–1862) हा जर्मनीतील ज्यू धर्मगुरूचा मुलगा. तो तरुणपणी कॅथलिक झाला, रोममध्ये शिकला, मतभेदांमुळे तेथून काढला गेला आणि नंतर अँग्लिकन मिशनरी झाला. मध्य आशिया व अफगाणिस्तान पायाखाली घालून तो भारतात आला आणि 1833 च्या सुमारास मद्रास, गोवा व मुंबई येथे गेला. प्रभूचे पुनरागमन 1847 मध्ये होईल, अशी त्याची धारणा होती. 1847 साल सरले. वोल्फ त्यानंतर पंधरा वर्षे जगला आणि इंग्लंडमधील एका खेड्यात धर्मसेवा करत वारला.

याच काळात नाशिकमध्ये काय घडत होते, ते जोडून पाहावे. अँग्लिकन चर्च मिशनरी सोसायटीने 1832 मध्ये येथे काम सुरू केले होते. वोल्फने धरलेले साल उलटल्यानंतर, 1850 च्या दशकात, द्वारकेपासून काही किलोमीटरवर शरणपूरची ख्रिस्ती वसाहत उभी राहिली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तेथे आसरा, शिक्षण आणि हातचे कसब मिळाले. यांपैकीच जेकब वेनराइट. डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचे 1873 मध्ये आफ्रिकेत निधन झाल्यावर त्यांचा देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता, आणि 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही तो होता. ती मिशन आपल्या ख्रिस्तसभेची नव्हती. पण जग 1847 मध्ये संपणार म्हणून सारेच हात जोडून बसले असते, तर त्या मुलांसाठी शाळा कोणी बांधली असती?

अमेरिकेतील विल्यम मिलर या बाप्टिस्ट शेतकऱ्याची कथा सर्वांत प्रसिद्ध आहे. दानिएल 8:14 मधील 2300 दिवस म्हणजे 2300 वर्षे, आणि त्यांचा आरंभ ख्रिस्तपूर्व 457 मध्ये, असे धरून त्याने प्रथम मार्च 1843 ते मार्च 1844 हा काळ सांगितला. तो टळल्यावर त्याच्या चळवळीने 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख स्वीकारली. हजारो लोक वाट पाहत जागले. काहींनी त्या हंगामात पिकेही काढली नव्हती. पहाट झाली ती रडण्यातच. हा दिवस इतिहासात "महान निराशा" म्हणून ओळखला जातो. या निराशेतून सावरलेल्या एका गटातून 1863 मध्ये सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्चची रीतसर स्थापना झाली. पुण्यातील सॅलिसबरी पार्क येथील छापखाना आणि स्पायसर महाविद्यालय यांमुळे ही मंडळी महाराष्ट्राला परिचित आहेत. न्यायाने सांगावयाचे तर, हे चर्च आज पुनरागमनाची तारीख सांगत नाही. 1844 मध्ये ख्रिस्ताच्या स्वर्गीय सेवेचा नवा टप्पा सुरू झाला, असा अर्थ ते लावते.

दारोदार येऊन "टेहळणी बुरूज" हे मासिक देणारे यहोवाचे साक्षीदार आपल्यापैकी अनेकांना भेटले असतील. त्यांच्या चळवळीचे प्रवर्तक चार्ल्स टेझ रसेल यांनी 1914 मध्ये सध्याच्या जगव्यवस्थेचा शेवट अपेक्षिला होता. त्यांच्यानंतरच्या नेतृत्वाने 1925 मध्ये अब्राहाम, इसहाक व याकोब पृथ्वीवर परततील, असे सांगितले. ते साल रिते गेले, आणि पुढच्याच वर्षी, 1926 मध्ये, त्यांची भारत शाखा मुंबईत उघडली. आदामाच्या निर्मितीपासून सहा हजार वर्षे पूर्ण होतात म्हणून 1975 विषयीही त्यांच्यात मोठी अपेक्षा निर्माण झाली होती. ती फोल ठरल्यावर अनेकांनी संघटना सोडली. 1914 मध्ये ख्रिस्ताचे राज्य अदृश्य रीतीने स्वर्गात सुरू झाले, अशी शिकवण ते आज देतात.

या बंधुभगिनींचा उपहास करावा, असा आमचा हेतू नाही. त्यांच्यातील अनेकांचा शास्त्राभ्यास आणि चिकाटी आपल्याला लाजवील अशी आहे. पण त्यांनी दारात तारखांचा विषय काढल्यास हा इतिहास आपल्याला माहीत असावा.

चुकीची किंमत

तारीख चुकली की लोक हसतात आणि विसरतात, असे नेहमीच होत नाही. दक्षिण कोरियात 28 ऑक्टोबर 1992 च्या मध्यरात्री विश्वासू लोक स्वर्गात उचलले जातील, असे एका मिशनने जाहीर केले. लोकांनी नोकऱ्या सोडल्या, घरदार विकले. त्या मिशनच्या प्रमुखाला फसवणुकीबद्दल शिक्षा झाली. जगाच्या कथित अंतानंतर मुदत पूर्ण होणारे रोखे त्याने स्वतःसाठी घेऊन ठेवले होते, हे खटल्यात उघड झाले.

अमेरिकेतील नभोवाणी उपदेशक हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी सप्टेंबर 1994, नंतर 21 मे 2011 आणि शेवटी 21 ऑक्टोबर 2011 अशा तारखा दिल्या. जगातील अनेक देशांत फलक लागले. न्यू यॉर्कमधील एका निवृत्त कर्मचाऱ्याने आयुष्यभराची पुंजी जाहिरातींवर खर्च केली. मार्च 2012 मध्ये कॅम्पिंग यांनी आपली चूक व आपले पाप लेखी कबूल केले. 2013 मध्ये ते वारले.

सर्वांत दुःखद घटना आपल्या घराशेजारची म्हणावी अशी आहे. युगांडातील "दहा आज्ञांची पुनःस्थापना" नावाची चळवळ कॅथलिक लोकांतूनच निघाली होती. मरियामातेच्या दर्शनांचा दावा करणारे प्रापंचिक आणि ख्रिस्तसभेने बहिष्कृत केलेला एक धर्मगुरू तिचे नेते होते. 31 डिसेंबर 1999 ला जग संपेल, असे त्यांनी सांगितले होते. ते घडले नाही. अनुयायी विकलेल्या मालमत्तेविषयी विचारू लागले. 17 मार्च 2000 रोजी कानुंगू येथे दारेखिडक्या बंद केलेल्या प्रार्थनागृहाला आग लागली आणि शेकडो माणसे, त्यांत अनेक मुले, जळून मेली. नंतर इतर ठिकाणी पुरलेली प्रेतेही सापडली. 2023 मध्ये केनियातील शाकाहोला अरण्यात, प्रभूला भेटण्यासाठी उपाशी राहा, या शिकवणीने चारशेहून अधिक जणांचा बळी घेतला. मुलांना आधी उपाशी ठेवण्यात आल्याचे तपासात पुढे आले.

कॅथलिक घरांत फिरणारी भाकिते

आपल्या भाविकांच्या मोबाईलवर येणारी भाकिते बहुधा तीन प्रकारची असतात.

पहिले, संत मालाकीच्या नावाची पोपांची यादी. आयर्लंडचा हा संत 1148 मध्ये वारला. त्याचे चरित्र त्याचा मित्र संत बर्नार्डने लिहिले. त्यात या यादीचा मागमूसही नाही. ती प्रथम छापली गेली 1595 मध्ये. 1590 पर्यंतच्या पोपांची वर्णने तीत नेमकी जुळतात आणि पुढची मोघम होतात. म्हणून ती त्याच सुमारास रचली गेली, असे अभ्यासक मानतात. यादीत 112 वर्णने आहेत आणि रूढ मोजणीने शेवटचे पोप फ्रान्सिस यांच्या वाट्याला येते. 21 एप्रिल 2025 रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा हा संदेश पुन्हा फिरला. 8 मे 2025 रोजी पोप चौदावे लिओ निवडले गेले. यादी संपली, ख्रिस्तसभा चालूच आहे.

दुसरे, फातिमाचे तिसरे रहस्य. 1917 च्या दर्शनांशी संबंधित हा मजकूर व्हॅटिकनने 26 जून 2000 रोजी संपूर्ण प्रसिद्ध केला. त्यात जगाच्या अंताची तारीख नाही. तत्कालीन कार्डिनल रात्झिंगर, म्हणजे पुढचे पोप सोळावे बेनेडिक्ट, यांनी सोबतच्या भाष्यात स्पष्ट केले की, असे दर्शन न टळणारे भविष्य दाखवण्यासाठी नसून माणसाला पश्चात्तापाकडे वळवण्यासाठी असते.

तिसरे, तीन दिवसांचा अंधार. त्या काळात आशीर्वादित मेणबत्त्याच पेटतील, दारे उघडू नका, असे तपशील त्यात असतात. ही ख्रिस्तसभेची शिकवण नाही. आशीर्वादित मेणबत्ती घरी जरूर ठेवावी, पण प्रार्थनेसाठी, साठेबाजीसाठी नव्हे.

गणित का चुकते?

हा मोह केवळ ख्रिस्ती लोकांचा नाही. फेब्रुवारी 1962 मधील अष्टग्रहीने सारा भारत हादरला होता. ठिकठिकाणी यज्ञ झाले, अनेकांनी प्रवास टाळले. वयस्क वाचकांना जुलै 1979 मध्ये स्कायलॅब कोसळण्याची भीतीही आठवत असेल. तिचे अवशेष ऑस्ट्रेलियात पडले.

नाशिककरांना एक दाखला सहज पटेल. गुरू सिंह राशीत आला की येथे सिंहस्थ भरतो, आणि त्याची तारीख कित्येक वर्षे आधी सांगता येते. ग्रहणाचेही तसेच. ग्रहांना ठरलेली गती असते, म्हणून ते गणित जमते. प्रभूचे पुनरागमन ही ग्रहगती नाही. तो एका व्यक्तीचा मुक्त निर्णय आहे, आणि तिने तो स्वतःपाशी ठेवला आहे. म्हणून येथे गणिताचा आरंभच चुकतो. बेरीज कितीही बरोबर असो.

त्यापुढची वाटही ठरलेली दिसते. दानिएल किंवा प्रकटीकरण यांतील प्रतीकात्मक आकडे पंचांगासारखे वाचले जातात. युद्ध, भूकंप, साथ यांना "खुणा" मानले जाते, जणू मागील शतकांत ही संकटे नव्हतीच. तारीख चुकल्यावर ती पुढे ढकलतात, किंवा घटना अदृश्यपणे घडली असे सांगतात. हे टप्पे ओळखता आले, तर पुढची चित्रफीत पाहताना मन स्थिर राहील.

ख्रिस्तसभेची शिकवण आणि आपली वर्तणूक

1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातील शिकवण थोडक्यात अशी : ख्रिस्त वैभवाने येईल; त्याआधी ख्रिस्तसभेला एका अंतिम कसोटीतून जावे लागेल; इतिहासाच्या आतच परिपूर्ण राज्य स्थापण्याचे आश्वासन देणारी मते ती नाकारते (परिच्छेद 675 ते 677); आणि न्यायाचा दिवस व घटका केवळ पिता जाणतो (परिच्छेद 1040). खाजगी प्रकटीकरणे, ख्रिस्तसभेने मान्य केलेली असली तरी, ख्रिस्ताच्या प्रकटीकरणात भर घालू शकत नाहीत (परिच्छेद 67). कथित अलौकिक घटनांची पारख कशी करावी, याचे नवे नियम व्हॅटिकनने 17 मे 2024 रोजी जाहीर केले असून, त्यांत पहिली जबाबदारी स्थानिक बिशपांवर आहे.

म्हणून आमच्या भाविकांना आमची चार विनंत्यांची शिदोरी :

1. तारीख सांगणारा संदेश पुढे पाठवू नका. तो घाबरलेल्या माणसाला अधिक घाबरवतो.

2. अशा संदेशावरून घर, शेत, दागिने, नोकरी, मुलांचे शिक्षण किंवा औषधोपचार यांविषयी कोणताही निर्णय घेऊ नका. कोणी पैसे मागत असेल, तर लगेच सावध व्हा.

3. कुटुंबातील कोणी एखाद्या गटात जाऊन घरच्यांपासून तुटत असेल, उपवासाच्या नावाखाली मुलांना उपाशी ठेवत असेल, तर संकोच न करता आपल्या धर्मगुरूंना सांगा. जिवाला धोका असेल तर पोलिसांनाही कळवा.

4. मनात खरी भीती असेल, तर तिला लाजू नका. ती घेऊन प्रायश्चित्त साक्रामेंताकडे या. देवाशी समेट झालेल्या माणसाला तारखेची गरज उरत नाही.

मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू तीन चित्रे देतो : तेलासह जागणाऱ्या कुमारी, धन्याचे धन कामी लावणारे चाकर, आणि भुकेल्याला अन्न व तहानलेल्याला पाणी देणारे नीतिमान. तिघांपैकी कोणालाही वेळ ठाऊक नव्हती. वर जाताना प्रत्येकाच्या हातात काही तरी काम होते. उपासनावर्षाच्या अखेरीस ही वाचने आपण ऐकतो, आणि लगेच आगमनकाळ सुरू होतो. ख्रिस्तसभा आपल्याला दरवर्षी वाट पाहायला शिकवते, पण तारीख मोजायला शिकवत नाही.

आणि आपल्यापैकी प्रत्येकाचा एक अंत तर निश्चित आहेच. त्याची तारीखही आपल्याला ठाऊक नाही. तो आजही असू शकतो. त्या तयारीसाठी चित्रफितीची गरज नाही. रोजची प्रार्थना, रविवारचा मिस्सा, शेजाऱ्याशी मिटवलेले भांडण आणि प्रामाणिकपणे केलेले काम पुरेसे आहे.

त्या भगिनीला आम्ही तेव्हा एवढेच म्हणालो होतो, "बाई, फी वेळेवर भरा. प्रभू त्याआधी आला, तर तो मुलीला अभ्यास करतानाच पाहील, आणि त्याचा त्याला आनंदच होईल." तिची मुलगी आजही कॉलेजात जाते. आपणही आपापल्या कामात राहून, संत पौल आणि पहिल्या ख्रिस्ती लोकांबरोबर, निर्भय मनाने म्हणू या : मारानाथा.